कडेची रांग

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. तिसरा डोस झाला, भूक लागतेय, हे वाचून जीव जरा थाऱ्यावर आला. इकडे मात्र माझं डोकं फिरलंय. तुझ्यासारख्याच गाठीच्या पेशी वाढवून त्यांच्यावर मी तुझंच औषध घालून बघते, हे तुला ठाऊक आहे. दोनदा निम्म्या पेशी मेल्या, तेव्हा मी नाचत तुला कळवलं. परवा औषध न घातलेल्याच मेल्या! त्यांना काय धाड भरली होती? प्रयोगशाळेतले सर म्हणाले, हात सुधारा. आठ वर्षं हेच हात आहेत! पेशी वाढवायची ती खळग्याखळग्यांची प्लेट भिरकावून द्यावीशी वाटली.

वेळेवर जेव, आणि या चिडक्या बहिणीवर लोभ असू दे.
तुझी,
छोटी

९ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद. आधी नाकावरचा राग उतरव. मग मेलेल्या पेशी प्लेटमध्ये कुठे होत्या ते बघ. माझ्या रोपवाटिकेत ट्रेच्या कडेची रोपं आधी सुकतात आणि लोक खताला नावं ठेवतात. मी कडेच्या रांगेत काही लावतच नाही. तूही तिथल्या खळग्यांत नुसतं पाणी भर. सरांना सांग, ताई माळीण आहे, तिचे हात बरे आहेत.

माझे केस गेले. विंचरायची कटकट वाचली.
लोभ आहेच, तो कुठे जातोय?
ताई

२८ मार्च

ती. ताईस,
सा. न. तुझंच खरं निघालं. औषधाचे खळगे मी नेहमी कडेला ठेवायची. त्या दिवशी नेमके बिनऔषधाचे ठेवले होते. आता कडेला पाणी भरून तीनदा केलं. आकडे जराही हलत नाहीत. आणि ताई, औषध घाला, नका घालू, पेशी सारख्याच जगतात. वाळून मेलेल्यांचं श्रेय मी औषधाला देत बसले. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटतेय.

प्लेट म्हणजे तू नव्हेस, हे मलाही कळतं. तरी डॉक्टरांना विचार. पाया पडते, विचार.
छोटी

४ एप्रिल

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद. रागावू नकोस. दुसऱ्या डोसनंतरच डॉक्टर म्हणाले होते, गाठ तसूभरही कमी नाही, औषध बदलू. मीच हटून बसले. माझ्या बहिणीकडे निम्म्या पेशी मेल्यात, म्हणून तुझं पत्र त्यांच्यापुढे धरलं. तुला सांगितलं नाही, तुझा आनंद मोडवेना.

काल नवं औषध सुरू झालं. त्याचं नाव मागच्या बाजूला लिहिलंय. कडेला पाणी भर, तीनदा कर, आणि मगच मला कळव. तोवर नुसती खुशाली लिहीत जा.
तुझीच,
ताई