पेपर यायच्या आधीची मिरवणूक

प्रिय साक्षी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. तुझा बाप योगराज उद्या धुळ्याला तुझ्याकडे निघालाय, त्याच्याच हाती देतोय. बापासमोर फाडून टाकशील एवढी काही तू उद्धट नाहीस. काल तो ओट्यावर येऊन बसला, चहा घेतला आणि खाली बघत म्हणाला, आबा, पोरगी आखाजीला येत नाही म्हणते. मी म्हटलं, कावून? सासरी गेलेल्या लेकीसुद्धा आखाजीच्या सणाला माहेरी येतात, हिला काय धाड भरली? तर म्हणे, आबांना तोंड कसं दाखवू असं म्हणते. वर म्हणे, पुरस्काराच्या यादीवर हरकती घ्यायची मुदत आहे तोवर क्रीडा खात्यात जाऊन सांगणार, माझा मार्गदर्शक म्हणून ज्योत्स्ना मॅडमऐवजी भिका आबांचं नाव घाला. हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. बाई गं, हे काय आरंभलंयस तू?

आधी इथलं सांगतो, कारण तुला मिरवणुकीच्या व्हिडिओत दिसलं ते अर्धंच. त्या संध्याकाळी तुझ्या बापाचा निंबाला फोन आला, साक्षीला राज्याचा खेळाडू पुरस्कार जाहीर झाला, तिच्या मार्गदर्शकालाही मार्गदर्शकाचा पुरस्कार आहे. आता कुठल्याही शहाण्या माणसानं विचारलं असतं, की बाबा, मार्गदर्शकाचं नाव काय? पण आपलं गाव! साक्षीचा मार्गदर्शक म्हणजे भिका आबा, त्यात काय विचारायचं? आणि निंबा सरपंच झाल्यापासून त्याला सत्काराची भारी हौस. आपल्याकडे सत्कार थांबत नाही, बातमी कानावर पडली की टॉवेल, टोपी, नारळ हजर. केळी वाहायचा ट्रॅक्टर धुतला, ट्रॉलीत खुर्ची ठेवली, आणि मी बनियनवर बसलेलो, मला सदरा घालायला लावून वर चढवलं. मी आपला म्हणतोय, अरे बाबांनो, उद्याचा पेपर येऊ द्या, मग काय ते करा. निंबा म्हणतो, आबा, पेपरवाले आपल्याला सांगणार का आपली पोरगी कोणी घडवली? तुम्ही फक्त हात जोडा. वाजंत्री सुरू झाल्यावर तर माझं मलाच ऐकू येईना.

सगळ्या गावातून फिरवलं बघ. बायांनी ओवाळलं. पॉवर स्टेशनच्या कॉलनीतली, मी शिकवलेली जुनी पोरं आली, आता त्यांचीच पोटं सुटलीत, ती ट्रॅक्टरपुढं नाचली. मी वर बसून घामाघूम. आमच्या रुक्माबाईला वाटलं ऊन बाधलं, तिनं मधेच ट्रॅक्टर थांबवून मला गुळाचं पाणी पाजलं. ऊन कसलं, दिवस मावळला होता! माझ्या मनात वेगळंच घोळत होतं. ते पुढं लिहितो.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. खेळाडूंत तुझं नाव, मार्गदर्शकांत ज्योत्स्ना मॅडमचं. मी दोनदा वाचलं आणि मला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. रुक्माबाई चुलीपुढून धावत आली, कावून हसून राह्यले, येडे झाले का? मी तिला नाव वाचून दाखवलं तर ती डोळ्याला पदर लावायला लागली आणि मी आपला हसतोय. शेजारणींनी एकमेकींना सांगितलं, आबांना धक्का बसला, डॉक्टरकडं न्या. निंबा आला तो दारातच उभा. दिलेली टोपी परत मागता येत नाही आणि राहू दे म्हणताही येत नाही, बिचाऱ्याची पार पंचाईत झाली. मीच म्हटलं, बस रे बाबा, चहा घे. मिरवणूक झकास झाली, नवरदेव तेवढा चुकला.

इथवर हसण्यावारी गेलं. पण संध्याकाळी पारावर लोक तुझ्यावर घसरले. पोरगी मोठी झाली, आबाला विसरली. शहराचं पाणी लागलं. हेच कोणीतरी तुला फोनवर ऐकवलं असणार, मला ठाऊक आहे, आपल्याकडं आग लावायला काडी लागत नाही. मी काठी घेतली आणि पारावर गेलो. एकेकाला विचारलं, तुझ्या पोराला चालायला कोणी शिकवलं? आईनं ना? मग उद्या त्याला शर्यत जिंकायची असेल तर आईलाच घड्याळ घेऊन मैदानात उभं करशील का? आणि पुन्हा माझ्या पोरीला कोणी कृतघ्न म्हटलं तर ह्या वयातही मी उचलून आपटू शकतो, एवढं ध्यानात ठेवा म्हटलं.  

साक्षे, तुला दीपनगरचा तो वेटलिफ्टिंगचा हॉल आठवतो? पॉवर स्टेशनची ड्यूटी करून मी यायचो तेव्हा तू दाराशी बसलेली असायचीस, परकराला केळीचे डाग. बापाबरोबर घड उचलून तुझी पाठ अशी झाली होती, की मी पहिल्यांदा बार दिला तेव्हा तू म्हणालीस, आबा, ह्याच्यात वजन कुठंय? त्या बोलण्यावर मी तुझ्यावर चार वर्षं जीव टाकला. मला जेवढं येत होतं तेवढं दिलं. मी तरी कुठं शिकलो होतो? दुसऱ्यांचं बघून बघून आलेलं. पुढं तू अडकलीस. स्नॅचला बार एका झटक्यात डोक्यावर जायचा आणि मागं निसटायचा. मी रात्ररात्र विचार करायचो, पण मला काही ते सुटेना. म्हणून तुला एसटीत बसवून धुळ्याला ज्योत्स्ना मॅडमकडं घेऊन गेलो. त्यांनी तुझी एक उचल पाहिली आणि त्यांच्या बोलीत सरळ म्हणाल्या, पोर चांगली शे आबा, पन बठ्ठं नव्यानं शिकनं पडी. सगळंच नव्यानं शिकावं लागेल म्हणे! येताना मी एकटा होतो. पारोळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होतो, कंडक्टरनं तिकीट मागितलेलंही कळलं नाही.

मग तुझा तो रडका फोन. आबा, मॅडम नुसता रिकामा बार देतात, म्हणतात पहिलं सगळं विसर. मी म्हटलं होतं, मग विसर. आणि तू विसरलीस, मन लावून विसरलीस, म्हणून आज उभी आहेस. राष्ट्रीय स्पर्धेत तिन्ही उचली फसल्या, हाती भोपळा आला, तेव्हा आपल्याकडं तर तुझ्यासाठी स्थळं बघायला लागले होते. त्या वर्षी तुला स्वतःच्या घरात ठेवून कोणी खाऊ घातलं, कोणी पुन्हा बारपाशी उभं केलं, ते तुला माहीत आहे आणि मलाही. पदकं त्यानंतरची आहेत. पुरस्कार पदकांच्या वर्षांचा असतो, घामाच्या पहिल्या दिवसाचा नव्हे. नियम बरोबर आहे.

आता तू म्हणशील, आबा, तुम्हाला वाईट नाही वाटलं? खोटं कशाला सांगू, मला तो पुरस्कार हवा होता. किती वर्षं लोक विचारायचे, आबा, यंदा तुमचं नाव येणार का, आणि मी आपला, बघू, म्हणायचो. मुंबईला जाऊन हातात घ्यावा, रुक्माबाईनं समोर बसून बघावं, असं मनात होतं. पेपर मिटला तेव्हा वाईट वाटलंच. पण त्या दिवशी मी पोटभर जेवलो आणि दुपारी असा झोपलो, की रुक्माबाईनं दोनदा नाकाशी हात धरून पाहिला.

आता ट्रॅक्टरवर मनात काय होतं ते ऐक, त्यासाठीच हे सगळं लिहिलंय. खात्याची माणसं तुला विचारून गेली होती, तुला पदकापर्यंत कोणी नेलं, हे योगराजनं मला आधीच सांगितलं होतं. गाव नाचायला लागलं तेव्हा मला वाटलं, मेलो! पोरीनं माझ्या भिडेपोटी माझं नाव सांगितलं. जिनं हिला घरात ठेवून घेतलं त्या बाईला डावलून ही खोटं बोलली, आणि तेही माझ्यासाठी. लोक फुलं टाकत होते आणि मला वर तोंड करून बघवत नव्हतं. सकाळी मॅडमचं नाव वाचलं आणि जीव भांड्यात पडला. मला पुरस्कार हवा होता पोरी, पण तुझ्या तोंडून खोटं नको होतं. तू म्हणतेस आबांना तोंड कसं दाखवू. अगं, तू माझं नाव सांगितलं असतंस तर मलाच तुला तोंड दाखवता आलं नसतं. तेव्हा त्या कार्यालयाची पायरी चढू नकोस. आखाजीला ये, आणि येताना मॅडमना घेऊन ये. मला त्यांना माझ्या घरात जेवू घालायचंय आणि सगळ्या गावादेखत त्यांच्या पाया पडायचंय.

तुझाच,
भिका आबा