कुणीतरी खरंच बोललेलं एक वाक्य

बाई, बावन्नाव्या वर्षी मी पीएच.डी.ला प्रवेश घेतलाय. आधी हसून घ्या, मग पुढचं सांगते. सोलापुरात ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे हसले आणि त्यांचा तो हक्कच होता. पंचवीस वर्षं मी दर रविवारी पेपरात लोकांची टिंगल करत आले, त्यातली निम्मी टिंगल पीएच.डी.वाल्यांची. शीर्षकाच्या शेवटी ते 'एक अभ्यास' असं शेपूट लावतात, त्या शेपटावरच मी तीन लेख लिहिलेत. आता माझ्याच अर्जावर छापून आलंय, 'सोलापुरातील कष्टकरी स्त्रियांच्या बोलण्यातील टोमणे : एक अभ्यास'. विषय मीच सुचवला. म्हटलं, टोमण्यांत आपला हात कोण धरणार.

अर्जातच पहिली ठेच लागली. तुम्हाला ओळखणाऱ्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र जोडा, असं त्यात होतं. मला शिकवलेले सगळे एकेक करून गेले, तुम्हाला जाऊनच एकोणीस वर्षं झाली. कॉलेजात माझ्या दोन वर्षं मागे असलेला एक जण आता प्राचार्य आहे, त्याला फोन केला. तो लगेच म्हणाला, मॅडम, तुम्हीच लिहून पाठवा की, मी सही करतो, तुमच्याइतकं चांगलं मला कुठं जमतंय. आपल्याकडची ही जुनी रीत. ज्याचं कौतुक त्यानंच लिहायचं आणि मोठ्या माणसानं खाली नाव टाकायचं. मी लिहायला बसले, आणि दुसऱ्याच वाक्याला तुमचं स्वयंपाकघर समोर आलं.

मी वीस वर्षांची आहे, बी.ए.चा निकाल लागलाय. मला एम.ए.साठी पुण्याला जायचंय आणि तिथल्या विभागानं शिक्षकांचं पत्र मागितलंय. मंगळवेढ्याला वडील म्हणतायत, एम.ए. करून शेतात ज्वारी काय वेगळी उगवणार हाय? पण पत्रावर प्रवेश आणि वसतिगृह दोन्ही मिळालं तर जा, एवढं त्यांनी कबूल केलंय. तुम्ही मला मसुदा करून आणायला सांगितलाय आणि मी दोन पानं भरून आणलीत. तुम्ही चटणीसाठी शेंगदाणे भाजताय. एक डोळा कढईत, एक माझ्या कागदावर. पहिलं पान संपवून तुम्ही विचारता, "ही कोण मुलगी आहे गं? मला भेटव की एकदा."

"मीच, बाई."

"'तिच्या लेखणीची धार पाहून मी अनेकदा थक्क झाले.' हे मी कधी म्हटलं?"

म्हटलं नाही, पण म्हणाल असं वाटलं, असं काहीतरी मी पुटपुटले. तुम्ही गॅस बंद केलात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "माझ्या तोंडात तुझी वाक्यं घालू नकोस. मला माझी पुरतात."

मग तिथंच पाटावर बसून तुम्ही चार ओळी लिहिल्या आणि पाकीट बंद करण्याआधी मला वाचून दाखवल्या. या विद्यार्थिनीने माझे पुष्कळ तास बुडवले व दर वेळी नवे कारण सांगितले. कारणे चांगली होती. तिला बोलता येते. ऐकायला शिकवता आले तर पाहावे. खाली सही. मला वाटलं, झालं, आता ज्वारी. एसटीत मंगळवेढ्यापर्यंत रडत गेले. तुमच्याबद्दल मनात काय काय म्हटलं ते मेलेल्या माणसालाही सांगण्यासारखं नाही. आणि प्रवेश मिळाला. पुढं तिथले विभागप्रमुख मला म्हणाले, पत्रांचा ढीग आला होता, त्यातली सगळी मुलं असामान्य होती, माणूस तेवढी तू एकटी निघालीस. हा किस्सा मी भाषणांतून कितीदा सांगितला आणि टाळ्या घेतल्या. चौथी ओळ मात्र कधीच सांगितली नाही. लोकांना वाटायचं, पत्र तीनच ओळींचं होतं.

तर यंदा प्राचार्यांसाठी मी काय लिहिलं ते विचारू नका. त्यांनी न वाचता सही केली. प्रवेशपरीक्षा पास झाले, मुलाखतीत 'या वयात का?' याला 'आधी वेळ नव्हता' असं खोटं उत्तर दिलं आणि वर्ग सुरू झाले. माझ्या बाकावरची मुलं पंचविशीची. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर सगळी उभी राहिली, त्यांना वाटलं शिकवायला आले. संशोधनपद्धतीचे सर पडद्यावर चौकोन आणि बाण दाखवतात, त्यातला एकही बाण माझ्यापर्यंत पोचत नाही. संदर्भसूचीत स्वल्पविराम कुठं द्यायचा यावर माझा पहिला निबंध परत आला. बाई, ज्यांना स्वल्पविराम कशाशी खातात ते ठाऊक नाही अशा संपादकांशी मी आयुष्यभर भांडले आहे. तरी परत आला.

माझी मार्गदर्शक छत्तीस वर्षांची आहे, माळशिरसकडची. मी वयानं मोठी म्हणून ती मला मॅडम म्हणते, ती मार्गदर्शक म्हणून मी तिला मॅडम म्हणते. आमची खोली ऐकणाऱ्याला शिष्टाचाराचा वर्ग वाटेल. तिनं पहिलं काम दिलं ते असं, एका जागी दहा दिवस बसायचं, बायका जे बोलतील ते शब्दाला शब्द उतरवायचं आणि वीस संवाद आणून द्यायचे. मी पूर्व भागातली विडी कारखान्याची एक शाखा निवडली. तिथं बायका घरी वळलेल्या विड्या आणून देतात, एक माणूस त्या तपासून मोजून घेतो, पसंत पडल्या नाहीत त्या बाजूला काढतो, त्यांचे पैसे मिळत नाहीत. बायकांची लांब रांग असते, निम्मं बोलणं तेलुगूत, निम्मं मराठीत, कधी एकाच वाक्यात दोन्ही. मी दोन दिवस बसले. ऊन, तंबाखूचा वास, आणि ऐकू आलं तेही सगळं कसलं? नळाला पाणी किती वाजता आलं, कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या, विडीची पानं ओली निघाली. टोमणा म्हणावा असं काही नाही. तिसऱ्या दिवसापासून मी घरी बसले आणि पंख्याखाली वीसच्या वीस संवाद लिहून काढले. मला काय अवघड आहे? बायका कशा बोलतात ते मला माहीत आहे. माझ्याच लेखांत तर त्या पंचवीस वर्षं बोलतायत.

आठवड्यानं मॅडमनी बोलावलं. वही पुढ्यात होती, आणि चेहऱ्यावर हसू होतं.

"फार छान लिहिलंय, मॅडम. घरी मोठ्यानं वाचून दाखवलं, सासूबाई पोट धरून हसल्या."

मी मान झुकवून कौतुक स्वीकारलं.

"पण ह्यातलं कुणी बोललेलं न्हाय."

एरवी ती विद्यापीठात प्रमाण भाषा बोलते. ते 'न्हाय' ऐकून मला कळलं की ती चिडलीये. मी म्हटलं, सार तेच आहे, मी फक्त जरा नीट केलं. तिनं दोन पानं उघडून माझ्यापुढं धरली. रांगेतली म्हातारी, तिच्या मागची पोरगी, विड्या तपासणारा माणूस, तिघंही एकाच माणसासारखी बोलत होती, आणि तो माणूस मी होते. प्रत्येकीचं शेवटचं वाक्य टाळी घेणारं. ती म्हणाली, इतकं सुरेख बोलायला लागल्या बायका तर विड्या कधी वळणार?

बाई, माझ्या व्यवसायातला सगळ्यात चांगला टोमणा त्या दिवशी मला बसला आणि तो मारणारीला तो टोमणा आहे हे माहीतही नव्हतं. मी तिथंच सांगितलं की प्रवेश रद्द करते, आणि बाहेर जाऊन तसा अर्जही लिहिला. चांगला लिहिला, त्यात दोन विनोद होते. तिनं तो वाचला आणि सही न करता ड्रॉवरमध्ये टाकला. म्हणाली, एक दिवस परत जावा. वीस नकोत, एक वाक्य आणा. कुणीतरी खरंच बोललेलं. नाही मिळालं तर सोमवारी मी स्वतः सही करते रद्द करायला.

मग मी गेले. वही पिशवीतच ठेवली. आपण हुशार दिसायचं नाही, एवढंच ठरवून भिंतीला टेकून बसले. दोन तास पाणी, सून, पानं, पाणी. मग साठीच्या एका बाईची पाळी आली, तिला सगळ्या अक्का म्हणतात. विड्या तपासणारा त्या दिवशी फार कडक होता. तिच्या जुड्या सोडून तो एकेक विडी बाजूला टाकत होता, ही सैल, ही आखूड, ही सैल. बाजूचा ढीग मोठा होत चालला. मी मनातल्या मनात तिच्यासाठी वाक्यं तयार करत होते, सवय जाते का? पाच-सहा तयार होती, एकाहून एक धारदार. तो हात चालवत राहिला आणि अक्का त्याच्या हाताकडं नाही, तोंडाकडं बघत राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"जेवलास का रं?"

त्याचा हात थांबला. मान न उचलता तो म्हणाला, "न्हाई, अक्का."

बाजूला काढलेल्या विड्या तिनं पदरात गोळा केल्या, आणि गेली. कुणी हसलं नाही. त्यानं तिची एकही विडी परत घेतली नाही. पण त्यानंतरच्या चार बायकांच्या विड्या त्यानं नुसत्या मोजल्या, तपासल्या नाहीत. पाचवीला परत तपासायला लागला.

माझ्या अंगावर काटा आला होता. भर उन्हात, बावन्नाव्या वर्षी. तीन शब्द, तेही रोज प्रत्येक घरात बोलले जाणारे, आणि त्यांनी एका माणसाचा हात चार बायकांपुरता हलका केला. माझ्या पंचवीस वर्षांच्या लेखांनी एका तरी माणसाचा हात एवढा थांबवला असेल का? मी सुचवलेलं कुठलंही वाक्य तिनं म्हटलं असतं तर रांग हसली असती आणि त्यानं आणखी वीस विड्या बाजूला काढल्या असत्या. हे वाक्य मी लिहूच शकले नसते. तुमची चौथी ओळ मला तिथं, त्या भिंतीला टेकून समजली, बाई. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीत तुम्हाला हे दिसलं कसं, तेही शेंगदाणे भाजता भाजता? मी तुमच्या हुशारीला नेहमी मानलं. पण त्या दुपारी, गुरूसमोर हात जोडतात ते का जोडत असतील, हे मला पहिल्यांदा कळलं.

सोमवारी मॅडमपुढं वही ठेवली. पानावर एवढंच लिहिलं होतं, कोण म्हणालं, कुणाला, आधी काय झालं, नंतर काय झालं. तिनं दोनदा वाचलं. मग विचारलं, "हा टोमणा आहे, का माया?"

तोंडात तीन उत्तरं आली होती, तिन्ही छापण्यासारखी. ती गिळली आणि म्हटलं, "मला माहीत नाही."

मग माझा रद्द करायचा अर्ज तिनं ड्रॉवरमधून काढून मला परत दिला आणि म्हणाली, बसा, आता विषय काय तो ठरवू. दीड तास आम्ही त्या तीन शब्दांवर बोललो. दोघींनाही ते संपवता आले नाहीत.

हे सगळं कुणाला तरी सांगायचं होतं आणि ज्यांना सांगितलं असतं ते टाळी द्यायला टपलेले आहेत. तुम्ही टाळी दिली नसती, म्हणून तुम्हाला लिहिलं. हे पाठवण्यातलं नाही, टेबलाच्या खणात राहील. फक्त एक कबूल करते. अक्काला जाऊन विचारावं, असं का म्हणालात, असं रोज मनात येतं. शाखा घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. अजून गेले नाही. तिनं काही सांगितलं तर घरी येईपर्यंत मी ते सुधारून टाकेन, अशी मला भीती वाटते.