तिळाचा सॉस आणि बाबांची प्रकृती

४ मार्च, मंगळवार

बाबांनी आज पुन्हा अर्धं ताट ठेवलं. भात ठेवला, बटाटा ठेवला, गाजराला तर हातही लावला नाही. विचारलं तर म्हणाले, "बास." दात काढल्यापासून त्यांचे गाल आत गेले आहेत आणि बोलणं कमी झालं आहे. पण कवळी बसूनही आता बरेच दिवस झाले, म्हणजे दातांचं कारण उरत नाही.

ताट उचललं, ओट्याजवळ उभ्याउभ्या त्यातलं संपवलं, भांडी घासली. शिजवलेलं टाकवत नाही – आईची सवय लागली आहे. आई होती तेव्हा आम्ही तिघं टेबलाशी बसायचो. आता बाबा बसतात, मी वाढतो.

ताईला फोनवर हे सांगायला नको होतं. सांगितलं.

५ मार्च, बुधवार

ताईचा फोन. तिने रात्रभर विचार केला म्हणे. तिच्या मते मी दुकान सांभाळू की बाबांना, हा प्रश्नच आहे. महिनाअखेरीस ती येणार आणि बाबांना तिच्याकडे घेऊन जाणार. भावोजींनी मागची खोली रंगवूनसुद्धा घेतली आहे. मी विचारलं, कोणता रंग. का विचारलं कोण जाणे.

मग तिचा आवाज जरा खाली आला. म्हणाली, "तोपर्यंत नीट जेवायला लागले तर बघू. पण मला ताट रिकामं दिसलं पाहिजे."

बाबा गेले तर या घरात मी एकटा. हे वाक्य लिहून खोडलं होतं. पुन्हा लिहिलं.

७ मार्च, शुक्रवार

लाँड्रीच्या दुकानात आज गर्दी. माझं काम म्हणजे कपडा घ्यायचा, डाग कशाचा ते ओळखायचं, चिठ्ठीवर नाव आणि डाग लिहून टाचायचं. दहावीला दोनदा बसलो, तिसऱ्यांदा नाही. पण चिठ्ठीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही. मालक हसतात. म्हणतात, कोटाला वाचता येत नाही रे!

वैद्यबाई शाल द्यायला आल्या – काढ्याचा डाग. त्यांचा दवाखाना समोरच, चष्म्याच्या दुकानाच्या वर. धीर करून बाबांचं सांगितलं. म्हणाल्या, रविवारी घेऊन या, प्रकृती पाहू.

९ मार्च, रविवार

गेलो. वैद्यबाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, मग प्रश्न. झोप कशी, हातपाय गार असतात का, त्वचा कोरडी का, मन स्थिर असतं का, जेवणाची वेळ ठरलेली आहे का. बाबा छताकडे बघत होते. तिथल्या पंख्याला थोडा आवाज येत होता. लिफ्टदुरुस्तीत जन्म गेला, आवाज आला की ते त्यातच जातात. म्हणून उत्तरं मी दिली. सगळी व्यवस्थित दिली, एकही सोडलं नाही. झोप मध्येच मोडते. पाय गार. टाचांना भेगा. दार लावलं की नाही ते पुन्हा पाहायला उठतात. भूक कधी लागते, कधी कळतच नाही.

वैद्यबाई म्हणाल्या, वात. चांगलाच वाढलेला.

कोरडं बंद. जेवणावर कोमट, स्निग्ध असा सॉस घालायचा. दूध, दही, लोणी सध्या नको; जमिनीतून उगवतं त्यातूनच करायचं. घरातल्या बाकीच्यांसाठी म्हणून पित्ताची आणि कफाची कृतीही सांगितली. बाकी कोणी नाही, असं मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं.

१० मार्च, सोमवार

पहिला प्रयत्न. तीळ मंद आचेवर भाजले, गार केले, वाटले, वरून तिळाचं तेल. लिंबू पिळलं तर सगळं घट्ट होऊन गोळा झाला! घाबरलो. तीळ फुकट गेले असं वाटलं. मग कोमट पाणी चमचा चमचा घालत ढवळत राहिलो, तर आपोआप सैल झालं, रंगही उजळला. आल्याचा रस, सैंधव. बाटलीवर चिठ्ठी लावली – "बाबा. वात. कोमट करूनच."

बाबांनी भोपळ्यावर घातलेला सॉस बोटाने चाखला. मान हलवली. अर्धं ताट ठेवलं.

सॉस चांगला झाला आहे. मी पावाने ताट पुसून घेतलं.

१२ मार्च, बुधवार

तिळात भिजवलेले बदाम घातले. बाबांनी अर्ध्याहून जास्त ठेवलं.

१४ मार्च, शुक्रवार

दुकानात मालक एका गिऱ्हाइकावर इतके ओरडले की तो कपडे न घेताच गेला. हे पित्त. मी घरून काकडी, कोथिंबीर, नारळाचं दूध आणि बडीशेप यांचा सॉस करून नेला. कृती माहीत होती, वाया कशाला घालवायची. मालक म्हणाले, माझा राग गिऱ्हाइकांमुळे आहे, त्याला काकडी काय करणार.

संध्याकाळी बाटली धुऊन परत दिली. आत काही नव्हतं. उद्या आणणार आहेस का, असं भिंतीकडे बघून विचारलं.

१५ मार्च, शनिवार

बाहेरची माणसं खातात. घरचं माणूस खात नाही.

गोडी कमी पडत असेल म्हणून मध घालायचा विचार केला. पण मध उगवणारा की न उगवणारा? समोर जाऊन वैद्यबाईंना विचारलं. म्हणाल्या, फुलाचा असला तरी माशीने केलेला. मग खजूर भिजवून घातला. बाबा म्हणाले, "छान आहे. खाऊन घे." आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

१७ मार्च, सोमवार

काल रात्री दार पाहायला उठायचं राहून गेलं. सकाळी पाहिलं, लावलेलंच होतं.

१९ मार्च, बुधवार

आज डोक्यात नुसता गोंधळ आहे.

बाबांच्या शर्टाच्या बाहीवर डाग होता. ते रोज सकाळी जाड्याकाकांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसतात. काका त्यांच्याबरोबर लिफ्टच्या कंपनीत होते, आता जुन्या मोटारी दुरुस्त करतात. म्हणून मी मशीनचं तेल समजलो. साबण लावला, तर डाग लाल झाला. साबणाने लाल होतो तो डाग हळदीचा. हे मी झोपेतही सांगेन. आणि सॉस सुरू झाल्यापासून आमच्या घरात कशातही हळद नाही!

म्हणजे बाबा कुठेतरी जेवतात.

दुकानातून येताना वाकडी वाट करून वर्कशॉपवरून आलो. जाड्याकाका लपवणाऱ्यातले नाहीत. हसून म्हणाले, "अरे, तुझा बाप दुपारी माझा आख्खा डबा खातो. बायको आता दोन देते." वर मला म्हणाले, तब्येत सुधारलीय रे तुझी, मागे अगदी काडी झाला होतास.

घरी आलो. रात्री त्यांनी अर्धं ताट ठेवलं.

२० मार्च, गुरुवार

बाबांना भूक आहे. माझ्या हातचं नको आहे, इतकंच.

२३ मार्च, रविवार

वैद्यबाईंनी पुन्हा बोलावलं होतं. या वेळी मला म्हणाल्या, तुम्ही बाहेर बसा. बसलो. आतून आधी बाबांचा आवाज, मग बाईंचं हसणं, मग बाबांचंही! वर्षभरात ऐकलं नव्हतं. पंखासुद्धा बंद पडल्यासारखा वाटला. नंतर कळलं, बाबांनी तो दुरुस्त करून दिला.

मला आत घेऊन बाई म्हणाल्या, "तुमचे बाबा पक्के कफाचे. गाढ झोप, शांत डोकं, तब्येत ठणठणीत. मागच्या वेळी तुम्ही मला कोणाची प्रकृती सांगितलीत?"

मी म्हणालो, बाबांची. म्हणताना कान गरम झाले. पाय कोणाचे गार, टाचा कोणाच्या, दार पाहायला कोण उठतं – जिना उतरेपर्यंत सगळं डोक्यात आलं. दोन आठवडे एका कफाच्या माणसाला तीळ, बदाम आणि खजूर. नेमकं नको ते!

रस्त्यात बाबांना विचारलं, तुम्ही तिथेच बसला होता, मला अडवलं का नाहीत.

"बरोबरच तर सांगत होतास," ते म्हणाले, आणि पानाच्या टपरीपाशी उभे राहून समोरच्या इमारतीतल्या लिफ्टचा आवाज ऐकू लागले.

२४ मार्च, सोमवार

कफाचा सॉस केला. भिजवलेली मोहरी, आलं, मिरं, उकडलेलं सफरचंद. तेल नावापुरतं. नवी बाटली, नवी चिठ्ठी. मोहरी वाटताना डोळ्यांना धारा लागल्या. मोहरीमुळेच.

बाबांनी चाखला आणि डोळे मिटले. "हा झकास," म्हणाले. चार-पाच घास भराभर खाल्ले. वाटलं, जिंकलो! मग माझ्या हातातल्या रिकाम्या डावाकडे पाहिलं, थांबले, आणि उरलेलं ताटात ठेवलं.

आवडूनही ठेवलं. आता माझ्याकडे उपाय नाही.

२६ मार्च, बुधवार

ठरवलं. ताईशी भांडायचं नाही. तिच्या हातचं तरी पोटभर जेवतील.

बाबांचे कपडे दुकानात नेऊन मीच धुतले, मीच इस्त्री केले. बाहीचा डाग उन्हात ठेवल्यावर गेला. हळद उन्हाला टिकत नाही. मालकांनी विचारलं, कोणाचे एवढे. सांगितलं. त्यांनी पैसे घेणार नाही म्हणून सांगितलं आणि दिवसभर कोणावर ओरडले नाहीत.

माळ्यावरची बॅग काढली. कवळीची डबी कुठे ठेवायची ते ठरेना. वरच ठेवली.

२८ मार्च, शुक्रवार

मोहरीच्या सॉसची मोठी बाटली भरली, झाकणाला पिशवी बांधली. ताईला कृती फोनवर सांगितली. ती म्हणाली, लिहून दे, तुझं अक्षर चांगलं आहे.

बाबा बॅगेकडे बघून न बघितल्यासारखं करतात.

२९ मार्च, शनिवार

ताई आली. दारातच मला धरून मागेपुढे फिरवून पाहिलं. म्हणाली, तू तर बरा दिसतोस! बाबांकडे बघून म्हणाली, आणि यांना काय झालंय, गाल सोडले तर आहेत तसेच आहेत.

रात्री मी दोघांना वाढलं. ताईला ताट रिकामं दिसायला हवं होतं. बाबांनी तिच्यासमोर अर्धं ठेवलं. नेहमीसारखं माझ्याकडे सरकवलं. ताई बघत होती. मी ताट घेऊन ओट्याकडे गेलो. ती माझ्याकडेही बघत होती.

३० मार्च, रविवार

बाबा गेले नाहीत.

सकाळी बॅग दारात आणून ठेवली होती. बाबांनी ती उचलली आणि आत नेऊन कॉटखाली सरकवली. ताई म्हणाली, "बाबा, अहो खोली रंगवलीय."

"तिथे जावयाचा भाऊ झोपेल," बाबा म्हणाले. कारण विचारलं तर नुसतं, "जमायचं नाही."

मी ताईची बाजू घेतली. खरंच घेतली. म्हणालो, बाबा, तिकडे तुम्हाला जेवण जाईल. बाबा हसले, कवळी जरा सरकली, नीट केली. मग ताईला सोडायला फाटकापर्यंत स्वतः गेले. मी खिडकीतून पाहिलं. बाबा बोलत होते – तेही इतकं! ताई एका हाताने डोळे पुसत होती. रिक्षावाला कंटाळून दुसरीकडे बघत होता.

परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाली. बाबा म्हणाले, गाडीत जागा मिळेल ना, याची काळजी होती तिला.

ताईला जागेची काळजी कधीच नसते.

३१ मार्च, सोमवार

ताईचा फोन दुकानात आला. पोहोचली. मग म्हणाली, मला शपथ घातलीय पण मी सांगणार. बाबा फाटकापाशी तिला म्हणाले होते – "तुमची आई गेल्यापासून तो स्वतःसाठी वाढूनच घेत नाही. माझ्या ताटात उरेल तेवढंच खातो. मी तिकडे आलो तर त्याच्यासाठी ताटात ठेवणार कोण?"

मालकांनी विचारलं, डाग कशाचा. हातात कोणाचा तरी कोट होता. मी म्हणालो, बघतो.

रात्री टेबलावर दोन ताटं घेतली. एकात मोहरीचा सॉस, एकात तिळाचा. बसलो. बाबांनी आधी माझं ताट पाहिलं, मग स्वतःचं शेवटच्या दाण्यापर्यंत संपवलं आणि विचारलं, "अजून आहे का?"