बाहुली कपाटात आणि माझा भाऊ मशीनवर

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
कै. वत्सलाबाई दळी स्मारक रुग्णालय,
घाटकोपर (पूर्व), मुंबई.

विषय : माझ्या भावावर शिकाऊ डॉक्टर प्रॅक्टिस करतात का, याचं लेखी उत्तर मिळणेबाबत.

संदर्भ : सोमवारी आपल्या केबिनच्या दारात मी विचारलेला हाच प्रश्न, व त्यावर आपण दिलेलं उत्तर : "हिला आत कोणी सोडलं?"

महोदय,

वरील प्रश्न विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणी निधी आणि बेला यांनी लावली होती. पैज मी जिंकले, उत्तर मात्र मिळालं नाही. सबब हा अर्ज.

मी नववीत शिकते. माझा भाऊ वेळेआधी जन्मला असून आपल्या नवजात विभागात आहे. त्याला दम लागतो, म्हणून नाकात दोन बारीक टोकांची नळी घालून मशीनने हवा देतात. हवा नीट जात असली की शेजारच्या बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे येतात. त्याचा पाळणा काचेला लागूनच आहे. आई आत जाते, मी बाहेरून बुडबुड्यांवर नजर ठेवते.

१. मंगळवारी बुडबुडे थांबले. शिकाऊ डॉक्टर एलेन मॅडम धावत आल्या. त्यांनी मशीनची बटणं पाहिली, बाटली हलवली, बाळाकडे सर्वात शेवटी पाहिलं. नळी नाकातून निसटली होती. तोवर भावाच्या बरगड्या आत खेचल्या जात होत्या. मला काचेबाहेरून दिसलं, त्यांना का नाही?

२. मग नळी इतकी घट्ट बसवली की नाकाखाली लाल वळ उठला. सैल केली तर हवा गळायला लागली. नंतर मॅडम तिथेच उभ्या राहून मोबाईल बघत होत्या. रील्स बघतायत, अशी माझी खात्रीच झाली. बाहेर आल्यावर मी त्यांना अडवलं, म्हटलं, "दाखवा मोबाईल." नळीचा साईज कसा निवडायचा, बाळाच्या टोपीला कशी बांधायची, याचा व्हिडिओ होता. "हे आधी शिकवत नाहीत?" तर म्हणाल्या, "लेक्चर झालं गं. पण हाताने करून बघायला बाहुली लागते ना. ती कपाटात आहे."

३. सदर बाहुली मी स्वतः जाऊन पाहिली. मीटिंग हॉलच्या काचेच्या कपाटात, प्लास्टिकसकट, गळ्यात उद्घाटनाचा हार. किल्ली स्टोअरच्या कुंडलिक काकांकडे असते. ते म्हणाले, "मागच्या बॅचने एक फाडली, बाय. तपासणीला ही नवीन दिसायला पाहिजे." म्हणजे बाहुली फाटू नये म्हणून माझा भाऊ, असंच ना? शिवाय काचेतून डोकं आणि एक हात एवढंच दिसतं. बाकीची बाहुली आत आहे का, याचीही मला शंका आहे. कृपया उघडून खात्री करावी.

४. शिकाऊ डॉक्टरांची ड्युटी या विभागातून सारखी बदलते, असं कळलं. म्हणजे एलेन मॅडमचा हात बसेपर्यंत त्या जाणार आणि नवीन कोणीतरी पुन्हा एखाद्या बाळापासून सुरुवात करणार. हे कोणी ठरवलं? मुद्दाम ठरवलं का?

५. माझे पप्पा म्हणतात, "माझो झील मी शिकाऊंच्या हातात ठेवचंय नाय." ते स्वतःच्या जबाबदारीवर सही करून झिलाला, म्हणजे बाळाला, दुसरीकडे न्यायला निघाले आहेत. वाटेत काय होईल, हे मी एलेन मॅडमना विचारलं. "दम वाढू शकतो, आत्ता हलवू नका," असं त्या म्हणाल्या. स्वतःची चूक झाकायला म्हणतायत, असं वाटून मी मोठ्या डॉक्टरांनाही विचारलं. तेही तेच म्हणाले.

तरी कपाट आजच उघडावं, प्रत्येक नवीन डॉक्टरने आधी बाहुलीला नळी बसवावी, आणि तोवर एलेन मॅडमच्या शेजारी कोणीतरी अनुभवी उभं असावं, ही विनंती. यावरून मॅडमना ओरडू नये. ओरडलात तर मला कळेल.

आपली नम्र, पण लक्ष ठेवून असलेली,
कु. श्रुतिका श्यामकांत घाडीगावकर
भटवाडी, घाटकोपर (पश्चिम)
दिनांक : १८ जुलै २०२५

प्रत माहितीसाठी : आई आणि पप्पा. आपणांस कळवण्यात येते की बाळ इथून हलणार नाही. पप्पांनी कुठेही सही करू नये. शाळा सुटली की मी रोज इथेच येणार आहे, क्लासला नाही. हे विचारत नाहीये, सांगतेय.