आमच्याच अर्जाची वाट अडवली

गुलटेकडी, पुणे

ती. वन्संना नम्रताचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? वाघोलीत थंडी फार म्हणतात, तर पायमोजे घालून झोपत जा. बघायला कोण येतंय! मी बरी आहे. (हे जाऊन तीन वर्षं झाली तरी सकाळी चहा दोन कपच टाकते. दुसराही मीच पिते, वाया घालवत नाही.)

तुमच्या आमोदने तुम्हाला फोनवरचा व्हिडिओ दाखवलाच असेल. त्यात क्षेत्रीय कार्यालयाच्या फाटकात मांडी घालून बसलेली बाई मीच. पण मला पोलिसांनी पकडलं हे साफ खोटं. पोलीस फक्त विचारत होता, "मावशी, आज नक्की काय हवंय?" आणि वन्सं, ते आम्हालाही सांगता येईना!

झालं असं. पाण्यासाठी, कचऱ्यासाठी मी वस्तीतल्या बायकांबरोबर किती मोर्चे काढले ते तुम्हाला ठाऊक आहे (तुम्ही त्याला उनाडक्या म्हणता, तेही मला ठाऊक आहे). यंदा महापालिकेच्या निवडणुकीत इथली जागा बायकांसाठी राखीव झाली, आणि सगळ्या मागे लागल्या की तूच उभी राहा, अपक्ष. परवा अर्ज भरायचा शेवटचा दिवस, मुदत दुपारी तीनपर्यंत. निघालो वाजतगाजत. घोषणा द्यायला पुढे माझी शेजारीण नसीमबानू. तिचा आवाज असा की मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव थांबावा. पण फाटक दिसलं मात्र, इतक्या वर्षांचं वळण पडलेलं, सगळ्या धडाधड खाली बसल्या. धरणं! मीही बसले, पहिल्या रांगेत, माझ्या नेहमीच्या जागी. शिपाई भैरूनेही सवयीने फाटक लावून घेतलं. अर्ज माझ्या पिशवीत, आणि आम्ही घसा फोडून ओरडतोय की मागण्या मान्य झाल्याच पाहिजेत!

आतून निरोप आला, शिष्टमंडळ पाठवा. गेलो. मी साहेबांपुढे अर्ज ठेवला आणि तोंडातून नेहमीचंच निघालं, लेखी आश्वासन मिळाल्याशिवाय आम्ही हलणार नाही. साहेब बिचारे नवीन.

"कसलं आश्वासन, बाई?"

"निवडून आणायचं!" नसीमबानू कडाडली.

"अहो, ते माझ्या हातात नाही."

"मागचे साहेबही पाण्याबद्दल हेच म्हणाले होते."

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी आवाज बाहेर. शेवटी साहेबही हसले आणि अर्ज घेतला.

बाहेर येऊन बघतो तर धरणं जोरात, आणि फाटकाबाहेर सुरुचीची मोठी गाडी अडकलेली. ही आपली माजी नगरसेविका. पूर्वी आमच्याच मोर्चात हंडा वाजवायची, आणि निवडून आल्यापासून गाडीची काच खाली करत नव्हती. तिचाही अर्ज भरायचा राहिलेला, तीन वाजत आलेले. नसीमबानू माझ्या कानात म्हणाली, "थोडं अजून बसू या. ती बाहेर राहिली तर आपलंच काम सोपं." वन्सं, खोटं कशाला सांगू, मोह झाला. पण तेवढ्यात सुरुची गाडीतून उतरली, घोषणा ऐकली, आणि तिच्याही तोंडून आपसूक निघालं, "झाल्याच पाहिजेत!" बायका एवढ्या हसल्या की हसता हसता उठल्याच. मी फाटक उघडायला लावलं. ती धावत आत गेली, चप्पल हातात घेऊन.

घरी आल्यावर मात्र हसू ओसरलं. सुरुची वाईट नव्हती हो. तिला तोंडावर बोलणारं कोणी उरलं नाही, एवढंच झालं.

आमोदला आशीर्वाद. तुमच्या गुडघ्याला जपा.

तुमची,
नम्रता

ता. क. मी निवडून आले तर पाण्याचा पहिला मोर्चा माझ्याच घरावर आणायचं नसीमबानूने ठरवलं आहे. बायकांना चहाही मीच द्यायचा, असं ती म्हणते.

आणखी एक. अर्ज मागे घ्यायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. हे असते तर रात्रभर ओरडले असते, आणि सकाळी माझ्याआधी तयार होऊन दारात उभे राहिले असते. आता रात्री घरी येते तर कोणी ओरडत नाही. तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण, ओरडणं तसंच आहे. आठ दिवस येऊन राहा. अर्ज मागे घे म्हणालात तरी मी घेणार नाही. पण म्हणायला तरी या.