चार जास्तीची पाने

बुलढाणा, ता. १४ जानेवारी १९६४

चि. भगवानरावास अनेक आशीर्वाद, वि. वि.

परवा रविवारी, ता. १२ रोजी, सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, धाडच्या वाचनालयाच्या रंगमंचावर तू माझ्या नावावर एक खोटे नाटक खपवलेस. वेळ मी मनगटावरच्या घड्याळात पाहून ठेवली आहे.

दिवाळी सरली की तुझे पत्र येते, की अक्का, वाचनालयाच्या वार्षिक दिवसाला यंदा कोणते नवे नाटक करावे? शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी मनापासून सुचवते. यंदा तीन वाचून पाहिली. पहिल्याला चौदा खुर्च्या लागतात, तुमच्याकडे सहा, त्यातल्या दोन लंगड्या. दुसऱ्याचा लेखक हुशार आहे, पण त्याची मोलकरीणसुद्धा त्याच्यासारखीच बोलते. तिसरे अकोल्याच्या अर्जुन ठोसराचे, 'उघडी कडी'. पोरगा अजून तिशीचा नाही, पण बाईला बोलायला लावतो ते तिच्याच तोंडचे वाटते. त्याच्याकडून परवानगी आणली, हाताने नक्कल केली आणि पार्सलावर लिहिले की हेच करा, एक शब्द न बदलता करा.

त्यात मार खाणारी सुमन शेवटी कडी काढते, उंबऱ्यावर उभी राहते आणि पडदा पडतो. ती जाते की नाही, ते बघणाऱ्याने घरी जाऊन ठरवायचे.

तुमची सुमन, म्हणजे मिशा उतरवलेला निवृत्ती कंपाउंडर, उंबऱ्यावरून मागे फिरली. नवऱ्याच्या पायावर डोके ठेवले आणि मग सगळ्यांनी मिळून आरतीसारखे काहीतरी म्हटले. बायकांच्या बाजूला माझ्या शेजारी तुझी सिंधू होती. नवऱ्याच्या थपडेने डावा कान गमावून पाच महिन्यांपूर्वी सोनाळ्याहून माहेरी आलेली तुझी मुलगी. ती उठून गेली. तू मात्र मला वर बोलावून हार घातलास आणि नाटकाची निवड मनकर्णाबाईंची म्हणून सांगितलेस. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मला चारचौघांत आवाज न चढवायला शिकवले. पत्रांबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

तो शेवट कोणी लिहिला? आज संक्रांत आहे, पण तिळगूळ पाठवत नाही. गोड बोलायला माझ्यापाशी काही नाही.

लोभ आहे. तो वाढवण्याची विनंती तूर्त करत नाही.

तुझी,
अक्का

धाड, ता. १७ जानेवारी १९६४

ती. अक्कास भगवानचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र पोचले. सिंधूच्या आईने, झुंबरने, वाचायला मागितले, मी दिले नाही. आधीच घरात कोणी माझ्याशी धड बोलत नाही.

अक्का, शेवट मी लिहिला, पण त्यात लबाडी नाही. शेवटच्या पानावर भरतवाक्य नाही, लग्न नाही, मरणही नाही. निवृत्ती म्हणाला, "भाऊ, आखरीची पानं एस.टी.त गळून पडली असतील." सगळ्यांना तेच वाटले. लहानपणी आबांनी आपल्याला जी नाटके दाखवली, त्यातले एक तरी असे दारात संपले होते का? मुहूर्ताचा नारळ फुटला होता, तुला विचारत बसायला सवड नव्हती. मी चार पाने लिहून काढली. सिंधूचे अक्षर चांगले, तिनेच साऱ्यांच्या नकला उतरवून दिल्या. एका शब्दाने काही बोलली नाही. तिच्या मनात असते तर बोलली असती.

आणि झाले ते चांगल्यासाठीच. व्याही उकंडराव पुढच्या रांगेत होते. उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, "भगवानराव, तुम्ही नाटकातून सांगतलं, मले समजलं. पोरीले आता धाडून द्या." पोरगा पुन्हा हात उचलणार नाही असा त्यांनी शब्द दिला. चार माणसांत मीही हो म्हणालो. रविवारी, २६ तारखेला, त्यांची जीप येऊन राह्यली. आता शब्द काऊन मोडू?

पुढच्या वर्षी जरा पूर्ण नाटक सुचव. राग सोड, धाकट्यावर माया असू दे.

तुझा,
भगवान

बुलढाणा, ता. २० जानेवारी १९६४

भगवान, आशीर्वाद आहेतच, लिहीत बसत नाही.

पाने गळाली असे तुला वाटले, हे मी मानते. 'समाप्त' असे ठळक लिहायला हवे होते, तेवढी चूक माझी. पण जागा रिकामी दिसल्यावर तू तिथे काय लिहिलेस? सुमनला एखाद्या शाळेत नोकरी देता आली असती. तिचा बाप येऊन तिला घरी घेऊन गेला, असेही लिहिता आले असते. तुझ्या चार पानांत बाप कुठेच नाही.

निवृत्तीला मागे फिरणे सोपे होते. पडदा पडल्यावर तो लुगडे सोडून आपल्या घरी गेला. शब्द उकंडरावांनी दिला आहे, हात त्यांच्या मुलाचा आहे. आणि मुलीला परत धाडणारी ती पाने तू तिच्याच हातून उतरवून घेतलीस. ती बोलली नाही म्हणतोस. तिला विचारलेस का? विचारले असल्यास कोणत्या बाजूने? डाव्या बाजूने विचारलेले तिला ऐकू येत नाही.

ठोसराला मी माफीचे पत्र टाकले आहे. तो दुसरे नाटक लिहील. सिंधूचे तसे नाही.

तिच्या उजवीकडे बस. सोनाळ्याला जायचे, तुमच्याकडे राहायचे की माझ्याकडे यायचे, हे सावकाश विचार आणि उठून बाहेर जा. माझ्याकडे खोली आहे, खाट आहे, आणि दारात जीप आली तर तिला काय सांगायचे तेही मला ठाऊक आहे. तुझ्या शब्दाची लाज तू सांभाळ, ते काम मुलीचे नाही.

तुझी कारणे पुन्हा कळवू नकोस. उत्तर सिंधूने लिहावे, तू सांगून लिहवलेले चालणार नाही, एका ओळीचे असले तरी चालेल. पोस्टावर विसंबू नको, सकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ दे. शुक्रवार, ता. २४, सायंकाळी पाच वाजेपर्यंत ते लेखी माझ्या हातात पडले पाहिजे. न पडल्यास शनिवारच्या पहिल्या गाडीने मी धाडला येते, आणि तिला विचारल्याशिवाय परत जाणार नाही.

मनकर्णा