ढोकीला पर्याय नाही

५ सप्टेंबर, दुपारी १२.१०
शिक्षक दिन. सकाळपासून आलेले फोन : एक. केवायसी करा म्हणणारी बाई. मी तिला सांगितलं, मी बलभीम गुरुजी, ढोकीला बावीस वर्षं मराठी शिकवलं. तिनं फोन ठेवला. हल्ली कुणाला वाचन नाही.

सायं. ७.३०
महत्त्वाची घटना. मुलानं, रणधीरनं, जेवताना विषय काढला. जानेवारीत दुसरं बाळ येणार, या भाड्याच्या तीन खोल्यांत सहाजण मावायचे नाहीत. धाराशिवात घेणं झेपत नाही. तेव्हा गावाबाहेर, पण ऑफिसला अर्ध्या तासात पोचता येईल असं घर बघू. शेवटी माझ्याकडं बघून म्हणाला, दादा, तुम्ही बी बघा जरा.
म्हणजे निवड समितीचं अध्यक्षपद माझ्याकडं आलं. मी नम्रपणे स्वीकारलं. कमल हसली. नवऱ्याचा मान बघून बायकोला आनंद होणारच.
माझा निर्णय झालेला आहे. ढोकी. पण समिती म्हटल्यावर चर्चा होऊ देणार.

६ सप्टेंबर
कारणं लिहून ठेवतो. वादात उपयोगी पडतील.
धाराशिवात अकरा वर्षं काढली. इथं मी 'रणधीरचे वडील'. दूधवाल्याच्या लेखी तर 'वरच्या मजल्यावरचे'. ढोकीत मी रस्त्यानं निघालो की सायकलवरची पोरं खाली उतरायची, टपरीवरचे बिड्या विझवायचे. तिथं मी गुरुजी होतो. म्हातारपणी माणसानं जिथं त्याला ओळखतात तिथं राहावं. (हे कारण समितीला सांगायचं नाही. समितीला हवापाणी सांगायचं.)
शिवाय शाळेच्या दर्शनी भिंतीवर माझी कविता आहे. स्वतः स्टुलावर चढून निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेली :
उसाच्या पानांत वारा सळसळतो,
गुळाच्या वासानं गाव दरवळतो.
शिवरंजनीकडून पाठ करून घेतली. नात दुसरीत आहे, इंग्रजी शाळेत. तरी चालीत म्हणते. बाळाकडूनही घेणार.

दुपारी
व्याह्यांचा फोन. शरणबसप्पा, म्हणजे सुनेचे वडील. हा मनुष्य बोलत नाही, लाउडस्पीकर लावतो. नळदुर्गकडचं थोडं रान विकून यांनी तीन वर्षांपूर्वी तुळजापूर रोडला नव्या कॉलनीत घर बांधलंय. येन्री (कानडीत 'काय हो') कविराज, म्हणाले, आमच्याच गल्लीत घर निघालंय बघा, तयार, नुसता बोअर घ्यायचा बाकी. 'कविराज' हा शब्द ते 'भंगारवाला' म्हटल्यासारखा म्हणतात.
संकल्प : व्याह्यांबद्दल या वहीत वाईट लिहायचं नाही. उद्यापासून.

८ सप्टेंबर, रविवार
ढोकी दौरा. एकटा, एसटीनं. रस्ता रिकामा, लोण्यासारखा. पस्तीस मिनिटं. पस्तीस म्हणजे अर्धा तासच.
दोन्ही बाजूंना हिरवागार ऊस. कारखान्याचं धुराडं ऋषीसारखं शांत उभं. डोळे भरून आले.
गावात मिळालेले नमस्कार : दीड. एक गफारचा. त्याचं टायर-पंक्चरचं दुकान आहे, १९८९ची बॅच. मला बघताच उठून उभा राहिला आणि दोन्ही हात पाठीमागं लपवले. किती आदर. अर्धा नमस्कार एका म्हाताऱ्याचा. तो मला मीटर रीडिंगवाला समजला होता.
गफारला विचारलं, कविता आठवती का? म्हणाला, कविता न्हाय आठवत गुरुजी, छडी लई आठवती. थट्टेखोर आहे, पहिल्यापासून.
शाळेची भिंत नवी रंगवलीय. माझ्या कवितेच्या जागी हत्ती, उंट आणि ए बी सी डी. मी नीट जवळ जाऊन पाहिलं. हत्तीच्या पोटाशी निळा पापुद्रा दिसतो. म्हणजे कविता आत सुरक्षित आहे.
स्टँडामागं एक घर विकाऊ आहे. गफार चौकशी करतो म्हणाला.

१५ सप्टेंबर, रविवार
तुळजापूर रोडची कॉलनी बघितली. समितीचा अध्यक्ष म्हणून जावं लागलं. कॉलनीत झाड एक, तेही कुंडीत. सगळी घरं एकसारखी, शाळेत ओळीनं उभी केलेली पोरं जशी, फक्त यांना काही येत नाही. रणधीरच्या मोटारसायकलवरून ऑफिसपासून चौदा मिनिटं लागली. त्यानं नक्कीच गाडी पळवली.
व्याह्यांकडं कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चटणी चांगली होती. प्रामाणिकपणा म्हणून नोंदवतो.
व्याही मला गल्ली दाखवायला घेऊन निघाले. पाव तासात त्यांना एकवीस नमस्कार पडले. मी मोजले. तीन वर्षांत एकवीस! काहीतरी वाटत असणार हा मनुष्य. प्रत्येकाला माझी ओळख करून दिली : हे आमचे व्याही. बस्स, एवढंच. नाव नाही, पेशा नाही.

२२ सप्टेंबर
समितीची बैठक, चहासोबत. मी ढोकीचं हवापाणी मांडलं. कमल फाडकन म्हणाली, अहो, हवेचं काय सांगताय? बावीस वर्षं म्या तिथं नाकाला पदर लावून सैपाक केला. तुम्ही शाळेत कविता म्हणत होता. दाराखिडक्या लावून बसत होतो आमी.
स्त्रियांची स्मरणशक्ती अशी निवडक असते.
मग सुनेनं, राजेश्वरीनं, हळूच विचारलं, मामा, ढोकीवरून मी ड्यूटीला कशी जाऊ? मला आठवलं की ती तुळजापूरला दवाखान्यात नर्स आहे. ढोकी बरोबर उलट्या दिशेला. मी म्हणालो, त्याचा मी विचार केलेला आहे. (आता करतोय.)
उपाय : तिनं बदली मागावी. दवाखाना खासगी आहे, एकच आहे, म्हणून बदली होत नाही म्हणे. प्रयत्नाआधीच नकार. हाच आजच्या पिढीचा रोग.

२७ सप्टेंबर
प्रत्यक्ष वादात पडायचं नाही असं ठरवलं. पाण्याचा मुद्दा पुढं आणायचा. आपल्या जिल्ह्यात पाणी नाही म्हटलं की पुढं कुणी बोलत नाही.
तुळजापूर रोडच्या घराला बोअर नाही. बोअरची जागा दाखवायला व्याही पाणाड्या शोधतायत. मी स्वखुशीनं जबाबदारी घेतली. बिभीषण पाणाड्याच्या घरी गेलो. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात चालतो, पाणी असेल तिथं नारळ उभा राहतो. मी सुचवलं, की त्या कॉलनीची जमीन मला कोरडी वाटते, तेव्हा त्यानं उगाच घाई करून नारळ उभा राहू देऊ नये. सोबत अर्धा किलो पेढे नेले होते. पेढे त्यानं घेतले.

२९ सप्टेंबर, रविवार
बिभीषण आला. अनवाणी चालू लागला. मागं सगळी गल्ली. मी आधीच चेहरा गंभीर करून ठेवला होता. चौथ्या पावलाला नारळ ताडकन उभा. चार पावलं बाजूला, पुन्हा उभा. व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या. गल्लीनंही वाजवल्या.
नंतर बिभीषणला कोपऱ्यात गाठलं. तो म्हणाला, म्या काय करू गुरुजी? पेढे मी खाल्ले, नारळानं न्हाय खाल्ले.
पाणाडे हे अंधश्रद्धेचं क्षेत्र आहे. मी कधीच विश्वास ठेवला नव्हता.

१३ ऑक्टोबर
बोअरला पाणी लागलं. नव्वद फुटांवर. योगायोग.
रणधीरनं त्या घराबद्दल कुणाकुणाशी बोलणं चालवलंय. मी समितीबाहेरचा व्यवहार म्हणून निषेध नोंदवला. तो म्हणाला, दादा, कसली समिती?
मी चष्मा पुसायला घेतला. पदाची प्रतिष्ठा.

१० नोव्हेंबर
राजेश्वरी माझ्या बाजूनं! म्हणाली, मामांचं एवढं मन आहे तर एकदा ढोकी बघून तर येऊ. सातवा महिना असूनही म्हणाली. मला माहीत होतं, ती बापावर गेलेली नाही.
दौरा २४ तारखेला. शिवरंजनी शाळेसमोर उभी राहून कविता म्हणणार, गफार घर दाखवणार. चार जुने विद्यार्थी जमवायला त्याला सांगितलंय. लोक नमस्कार करतात हे रणधीरनं डोळ्यांनी बघितलं की विषय संपला.

२४ नोव्हेंबर, रविवार, सायंकाळ
आधी खुलासा. गळीत हंगाम सुरू झाल्याचं पेपरात आलं होतं, हे खरं. पण त्याच पानावर एक चारोळी होती. मी ती वाचत होतो.
व्याही न बोलावता स्वतःची जीप घेऊन आले. ढोकीच्या अलीकडं पुढं डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर. त्याच्या पुढं दुसरा. मग तिसरा. चौथ्याची मागची ट्रॉली चढावर बसली आणि सगळा रस्ता बंद. दोन तास दहा मिनिटं आम्ही उसाकडं बघत बसलो. प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. रणधीर दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचा आणि मग माझ्याकडं.
व्याह्यांनी खाली उतरून ट्रॉलीतलं एक कांडं ओढलं, दातानं सोललं आणि मला दिलं. घ्या कविराज, म्हणाले, तुमचं गाव गोड हाय, पोचता येत न्हाय एवढंच.
तेवढ्यात वारा फिरला आणि कारखान्याच्या मळीचा वास आला. मला तो त्रासदायक नाही, फक्त डोळ्यांतून पाणी येतं. राजेश्वरीला रस्त्याकडेला उतरवावं लागलं. ती ओकत असताना शिवरंजनीला वाटलं, आलं वाटतं आबांचं गाव. तिनं हात जोडून चालीत सुरू केलं :
गुळाच्या वासानं गाव दरवळतो.
कमल पदर नाकाला लावून खिडकीबाहेर बघत होती. खांदे हलत होते. बावीस वर्षांचं हसू असावं.
शेवटी जीप फिरवली. ढोकी दोन किलोमीटर राहिलं.

२५ नोव्हेंबर
घरात माझ्याशी सगळे फार गोड बोलतायत. हे वाईट लक्षण आहे.

२८ नोव्हेंबर
तुळजापूर रोडचं घर पक्कं झालं. मला पेढा दिला. बिभीषणला नेलेले त्याच दुकानातले.
निर्णय : यांनी खुशाल तिथं जावं. मी ढोकीला राहणार. एकटा. ज्या गावानं मला गुरुजी म्हटलं तिथं. गफारला फोन केला. म्हणाला, या की गुरुजी, वरची खोली मोकळीच हाय.
कमलला सांगितलं. तिनं बॅगेत स्वेटर, गोळ्या आणि दोन रुमाल भरले. मी विचारलं, रुमाल कशाला? म्हणाली, नाकाला.

१ डिसेंबर, ढोकी, दुपारी १.३०
पोचलो. बसला एक तास पन्नास मिनिटं. खोली छान. खिडकी बंद ठेवली आहे, ऊन येतं म्हणून.
चार वाजता विद्यार्थी भेटायला येणार. आयुष्यात याहून काही मागणं नाही. कविता म्हणून दाखवीन.

सायं. ६
सहाजण आले. पन्नाशीचे बाप्ये, कुणाला टक्कल, कुणाला शुगर. सगळे गुरुजी गुरुजी करत पाया पडले. सहा नमस्कार, पूर्ण. गफारनं चहा सांगितला.
मग गप्पा निघाल्या. एक म्हणाला, मला नऊ बसल्या होत्या, उसाच्या कवितेला. दुसरा म्हणाला, नऊ काय घेऊन बसलास, मला पंधरा, ते बी श्रावणात. मग हात समोर धरून कुणाचं कुठं सुजलं होतं ते एकमेकांना दाखवू लागले. खदाखदा हसत होते. कुणाच्या मनात राग नव्हता. तोच असता तर मला काही बोलता आलं असतं.
कवितेची ओळ मात्र सहांपैकी एकालाही येत नव्हती.
गफार म्हणाला, गुरुजी, आता तुम्हीच म्हणा, एवढं मारून शिकवलं ती कविता हाय तरी काय.
मी उभा राहिलो. पहिली ओळ म्हटली. दुसरीसाठी श्वास घेतला आणि वास घशात गेला. ठसका. पुन्हा घेतला, पुन्हा ठसका. तिसऱ्यांदा ओळच आठवेना. बावीस वर्षं शिकवलेली ओळ.
गफार म्हणाला, गुरुजी, पाठ न्हाय? हात पुढं करा.
सगळे हसले. मीही हसलो. पण हात मी खरंच पुढं केला होता.

२ डिसेंबर
परत धाराशिव. ढोकीचं पाणी मानवत नाही. एवढंच कारण. व्याही जीप घेऊन न्यायला आले होते, त्यांना कुणी कळवलं कोण जाणे. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. अशा मनुष्याचं गप्प बसणं फार खुपतं.

११ जानेवारी
नातू झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप. नव्या घराची वास्तुशांत गेल्याच आठवड्यात उरकली होती. वास्तविक ते घर मीच सुचवलं होतं. निदान विरोध करून सर्वांना त्याचे गुण तपासायला लावले. अध्यक्षाचं काम तेच असतं.

१९ जानेवारी, रविवार, सकाळी ७
नव्या घरातली पहिली सकाळ. माझी खोली पुढच्या बाजूची. खिडकी उघडली तर समोर व्याह्यांची खिडकी, आणि तीत व्याही. हात हलवला त्यांनी. मी पडद्याचं माप घेत असल्याचं दाखवलं.
दारात निळ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश ठेवलेला. व्याह्यांचंच काम. कंपाउंडची भिंत कोरी आहे कविराज, असं काल म्हणत होते. खवचटपणा. डबा उघडलेला नाही. दुसरी ओळ अजून नीट आठवत नाही, आणि शिवरंजनीला विचारणं बरं दिसत नाही.
संकल्प : या कॉलनीत पहिल्या दिवसापासून शिस्त ठेवायची. 'गुरुजी' म्हटल्याशिवाय कुणाला ओ द्यायची नाही.

७.२०
दूधवाला आला. फाटकातून ओरडला, अहो शरणबसप्पांचे व्याही, दूध!
मी पेपर वाचत राहिलो.
तो पुन्हा ओरडला, शरणबसप्पांचे व्याही, घेताय का जाऊ?
राजेश्वरीच्या खिरीला दूध लागणार होतं. पातेलं घेऊन गेलो.